थोरली, धाकटी आणि साळवेभाऊ

स्मशानात कॉम्प्युटरचा विषय काढणारा माणूस माझ्या उभ्या आयुष्यात एकच झाला. आमच्या कॉलनीतले जोशी आजोबा गेले तेव्हाची गोष्ट. अमरधाममध्ये चिता पेटलेली, माणसं माना खाली घालून उभी, आणि साळवेभाऊ हळूच आमच्या ह्यांच्या कानाशी लागून म्हणाले, "घाई करू नका. पडतंय."

आमचे हे जन्माचे भित्रे. त्यांना वाटलं शेडचा पत्राच खाली येतोय. ते दचकून मागे सरले ते थेट गुरुजींच्या पायावर. साळवेभाऊंनी त्यांना दंडाला धरून सावरलं आणि तितक्याच गंभीरपणे समजावलं, "पत्रा न्हाई हो. प्रोसेसरचा भाव. दिवाळीपर्यंत दम धरा."

घरी येऊन अंघोळ करता करता ह्यांनी हे मला बाथरूममधून ओरडून सांगितलं. मी हसले. मग गप्प झाले, कारण साळवेभाऊंना हसायचं नाही असं कॉलनीत सगळ्यांनी न बोलता ठरवलेलं होतं. का, ते पुढे येईलच.

प्रल्हाद साळवे म्हणजे आमच्या शेजारच्या बंगलीतले. बंगली म्हणायची आपली पद्धत, दोन खोल्या आणि पुढे लोखंडी गजांचा व्हरांडा. मूळचे पाथर्डीकडचे. नगरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात सुपरवायझर. उंच, सडपातळ, शर्टाची वरची गुंडी कायम लावलेली. तुम्ही नमस्कार केलात तर हे आधी जवळचं लोखंड शोधणार. खिडकीचा गज, नळ, सायकलचं हँडल, जे असेल त्याला हात लावणार, आणि मगच तुमचा हात हातात घेणार. "अंगातली वीज उतरवली," असं वर सांगायचे. कॉम्प्युटरचे नाजूक भाग आपल्या अंगातल्या विजेनं मरतात म्हणे. साळवेभाऊंनी ही काळजी माणसांपर्यंत वाढवली होती.

तो काळ शतक संपत आल्याचा. नगरमध्ये तयार कॉम्प्युटर घेणारे थोडे. बाकीचे पुण्याहून सुटे भाग आणून जोडून घेत. आणि भाग निवडायचे म्हणजे सगळ्यात आधी प्रोसेसर, म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू. तो बनवणाऱ्या दोन कंपन्यांची तेव्हा जबरदस्त जुंपलेली. साळवेभाऊ त्या कंपन्यांची नावं घेत नसत. "नाव घेतलं की मानूस त्या बाजूचा होतो," असं त्यांचं म्हणणं. ते एकीला थोरली म्हणत आणि दुसरीला धाकटी.

"थोरलीचं घरानं मोठं, बाई. पन तोरा लई. धाकटी गरिबाघरची, कामाला वाघीन. पन चटकन तापती."

"मग घ्यायची कोणती?" असं विचारलंत की तुमची संध्याकाळ गेली. आधी दोघी जावा कशा एकाच चुलीवर रांधत होत्या, म्हणजे मदरबोर्डच्या एकाच पाटीवर कुणाचाही मेंदू कसा बसत होता, हे सांगणार. मग थोरलीला हे कसं खुपलं आणि तिनं वेगळी चूल कशी मांडली. आता थोरलीचा मेंदू लांब कॅसेटसारखा, तिच्याच पाटीच्या फटीत उभा बसणारा. धाकटीचा जुन्या पद्धतीचा, चौकोनी, पाटीवर आडवा टेकणारा. "म्हणून पाटी घेतानाच ठरवावं लागतं, बाई, कुनाच्या घरात जेवायचं ते. मागनं बदलता येत न्हाई." आणि शेवटी, तुम्ही चप्पल घालत असताना, ते ठरलेलं वाक्य: "पन आत्ता घाई नको. पडतंय."

त्यांच्या सल्ल्यानं आमच्या कॉलनीत पाच-सहा घरं कॉम्प्युटर घ्यायच्या बेतात होती आणि एकाही घरात कॉम्प्युटर नव्हता.

आता हसायचं का नाही ते सांगते. साळव्यांना एकुलता एक मुलगा होता, मिलिंद. पुण्याला इंजिनियरिंगला. शनिवारी यायचा, रविवारी दुपारच्या गाडीनं जायचा, आणि मधला सगळा वेळ बापलेक व्हरांड्यात बसून घरात घ्यायच्या कॉम्प्युटरवर भांडायचे. ती वीज उतरवायची सवय त्याचीच. "पप्पा, आधी लोखंडाला हात," असं तो ओरडला की आमच्या स्वयंपाकघरात ऐकू यायचं. बाप थोरलीच्या बाजूचा, मुलगा धाकटीच्या.

"अरे, थोरलीचा स्टिकर असतो डब्यावर. घरात आलेला मानूस बघतो. न्हाईतर म्हनंल, ह्यांना धाकटीच परवडली."

"पप्पा, घराणं काय बघता? काम बघा ना! तुम्हीच मला हे सांगायचं सोडून मी तुम्हाला सांगतोय."

ह्यावर साळवेभाऊ पेपरची घडी घालायचे. मग म्हणायचे, "पुढच्या शनवारी बोलू."

एका पावसाळ्यात मिलिंदला हॉस्टेलवर कावीळ झाली. पोरांनी अंगावर काढली. घरी कळेपर्यंत उशीर झाला होता. पुढचा शनिवार आला तो त्याला घेऊनच आला, पण गाडी दवाखान्याची होती.

त्यानंतर साळवेभाऊ बोलायचेच थांबले. कामावर जायचे, यायचे, जेवायचे. सुमनबाई, त्यांची बायको, मला म्हणायच्या, "ताई, घरात भांडं पडलं तरी बरं वाटतंय." महिनेच्या महिने असे गेले. मग एका सकाळी पेपर वाचता वाचता साळवेभाऊ मोठ्यानं म्हणाले, "पडलं की!" सुमनबाई कणीक मळत होत्या, त्या तशाच पिठाच्या हातांनी बाहेर धावल्या. धाकटीनं भाव उतरवल्याची जाहिरात होती. त्या बाईला प्रोसेसर म्हणजे काय ते आजही माहीत नाही, पण त्या दिवशी ती त्या जाहिरातीवर रडली.

तेव्हापासून ते बोलू लागले. पण फक्त ह्याच विषयावर.

ह्या सगळ्यात मी कुठे? मी शेजारी, माझ्या शहाणपणासकट. आता माझी नात मला मोबाईलवर फोटो मोठा कसा करायचा ते रोज शिकवते आणि मी रोज विसरते. पण तेव्हाची मी! पंचेचाळिशी उलटलेली, केस काळे केलेले, गळ्यात चष्म्याची साखळी, आणि दिल्ली दरवाज्याजवळ माझी स्वतःची टायपिंग इन्स्टिट्यूट. मराठी-इंग्रजी मशिनांची ओळ, भिंतीवर बोटांचा तक्ता, आणि मी मधून फिरतेय, कुणाची करंगळी आळशी आहे ते बघत. मला वाटायचं, नगर जिल्ह्यातली निम्मी कचेरी माझ्या हाताखालून गेली आहे. थोडीफार गेली होती हे खरं, पण तितका रुबाब करायचं कारण नव्हतं.

मग समोरच्या माडीवर कॉम्प्युटर क्लास निघाला. काचेचं दार, चपला बाहेर, आत गारवा. माझी पोरं जिना उतरायची आणि समोरचा जिना चढायची. जूनच्या बॅचला माझ्याकडे इतकी कमी नावं आली की मशिनांवरची कव्हरं काढायचाही उत्साह होईना. एक तरी कॉम्प्युटर आणणं भाग होतं, नाहीतर पुढच्या जूनला टाळं.

मी साळवेभाऊंना गाठलं. "भाऊ, मला कॉम्प्युटर घ्यायचाय. खरंच घ्यायचाय. तुम्हीच निवडून द्या."

त्यांनी खिडकीच्या गजाला हात लावला. म्हणाले, "बसा, बाई."

पुढे रोज संध्याकाळी कामावरून ते परस्पर माझ्या क्लासवर यायला लागले. डबा कुठला, वीजपुरवठ्याची पेटी कुठली, मॉनिटरची काच सपाट की फुगीर. एकेका गोष्टीवर आठवडा. आणि प्रोसेसरवर आलं की मी तिथं नसल्यासारखंच व्हायचं. ते दोन्ही बाजूंनी बोलायचे. आधी आपल्या पाथर्डीच्या आवाजात: "थोरलीचं टिकाऊ असतं, बाबा." मग मान जरा वर करून, भरभर, पुणेरी वळणानं: "टिकाऊ म्हणजे काय पप्पा? दोन वर्षांत सगळंच जुनं होतं."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी वळून दाराकडे बघितलं. हुबेहूब मिलिंद. समोर 'ए एस डी एफ' बडवणारी एक मुलगी होती, ती हात थांबवून बघत राहिली. मी तिला म्हटलं, "तू तुझी करंगळी बघ."

एक दिवस दुपारी सुमनबाई आल्या. फडक्यात बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. कुणाकडे काही मागायला जाताना मोकळ्या हातानं जायचं नाही, ही त्यांच्या गावाकडची रीत. मी भाकरी घेतली आणि मागणं काय येतंय ह्याची वाट बघत बसले.

"ताई, ते मशिन एवढ्यात घेऊ नका."

"अहो सुमनबाई, माझी पोरं चालली समोर!"

"मला कळतंय वो. पन तुमचं मशिन आलं की त्यांचं बोलनं सपलं. बोलत्यात तवर हायती. मागं कसे झाल्ते, तुमी बघितलंय."

मी भाकरी खाल्ली. चांगली झाली होती. इकडे माझा धंदा मरत होता, तिकडे तो मरू द्यावा म्हणून एक बाई मला जेवू घालत होती.

पावसाळा असा काढला, दिवाळी काढली. दिवाळीत भाव पडला, तर साळवेभाऊ म्हणाले, "आता पडायला लागलंय म्हनल्यावर अजून पडनार." वर नवीन आवई उठली, की शतक बदललं की सगळे कॉम्प्युटर बंद पडणार. "बघा! दोन हजार साल उजाडू द्या मग." उजाडलं. काहीही बंद पडलं नाही. माझी इन्स्टिट्यूट तेवढी बंद पडायला आली.

तेव्हा माझ्यातली शहाणी उठली. इतके महिने ऐकून ऐकून मला सगळं पाठ झालं होतं, असा माझा समज. ह्यांना घेऊन मी पुण्याला गेले. एका दुकानात विचारलं, सगळ्यात मजबूत पाटी कोणाची? तो म्हणाला थोरलीची. घेतली. शेजारच्या दुकानात विचारलं, कामाला वाघीण मेंदू कुठला? तो हसला आणि धाकटीचा दिला. मी मनात म्हटलं, दोन्ही घरचं उत्तम ते उचललं, ह्याला म्हणतात खरेदी! लुगडं एका दुकानातून आणि खण दुसऱ्या दुकानातून घेणारी बाई मी, मला ह्यात वावगं काही दिसलं नाही. एका चुलीचं आणि दोन चुलींचं कीर्तन मी इतके महिने ऐकलं होतं. ऐकलं होतं, एवढंच.

घरी टेबलावर जुनी चादर अंथरली. पाटी ठेवली. पाटीवर लांबट उभी फट. हातात चौकोनी, पोळपाटावरच्या पापडासारखा चपटा मेंदू, खाली बारीक बारीक पिना. मी तो फटीवर आडवा ठेवून पाहिला, उभा धरून पाहिला.

"उलटा करून बघ," हे म्हणाले.

उलटा केला. पिना आभाळाकडे.

"थोडं दाबून बघ."

"दाबून बघ म्हणे! कुकरचं झाकण आहे का?"

तेवढ्यात दारात खाकरल्याचा आवाज झाला. कॉलनीत बातमी पोहोचायला वेळ लागत नाही. साळवेभाऊ उभे होते, मागे सुमनबाई. त्यांनी दाराच्या कडीला हात लावला, आत आले आणि टेबलाकडे बघत राहिले. एका बाजूला थोरलीची पाटी, एका बाजूला धाकटीचा मेंदू. मला वाटलं आता रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं.

"दोन घरची हायती ही," ते म्हणाले.

"दुकानदार बदलून देतो म्हणालाय, भाऊ," ह्यांनी सांगितलं. "कुठलं परत करायचं, तेवढं सांगा."

सुमनबाईंनी पदर तोंडाशी धरला. वर्षानुवर्षं जे पुढच्या शनिवारावर ढकललं होतं, ते माझ्या चादरीवर येऊन पडलं होतं. दोन्हींतलं एक ठेवायचं, एक परत द्यायचं. साळवेभाऊ खुर्चीवर बसले. मला वाटलं, आता दोन्ही आवाज काढतील. एकही काढला नाही. शेवटी उठून त्यांनी पाटी उचलली, तिच्या खोक्यात घातली आणि खोकं काखेत मारलं.

थोरलीची पाटी. म्हणजे धाकटी राहिली.

"उद्या मी जातो पुन्याला," ते म्हणाले.

मिलिंद गेल्यापासून ह्या माणसानं पुण्यात पाऊल ठेवलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी माळीवाड्याहून ते एसटीनं गेले. सुमनबाई दिवसभर माझ्या क्लासवर येऊन बसल्या. एका मशिनसमोर बसून त्या एकच अक्षर दाबत होत्या, मध्येच थांबत होत्या. संध्याकाळी साळवेभाऊ परत आले. नवीन खोकं बाळासारखं मांडीवर धरून एसटीत बसून आले असावेत, कारण शर्टावर त्याची धूळ होती. पाणी प्यायले. म्हणाले, "हॉस्टेलवरनं गेलो. रंग दिलाय."

मग खोकं माझ्या टेबलावर ठेवलं आणि सुमनबाईंना घेऊन घरी गेले.

रविवारी सकाळी त्यांनी माझ्या क्लासवर तो कॉम्प्युटर जोडला. लोखंडी कपाटाला हात लावत, एकेक भाग उचलत. तो चौकोनी पापड आपल्या जागी टेकला, कुठेही दाबावं लागलं नाही. वर पंखा बसवला. "चटकन तापती ना," असं कुणाला तरी पुटपुटले. बटण दाबलं. आतून एकदा टूं वाजलं, काळ्या काचेवर पांढरी अक्षरं उमटली, आणि त्यात धाकटीचं नाव आलं. साळवेभाऊंनी ते नाव पहिल्यांदा मोठ्यानं वाचलं. मग शेजारच्या रिकाम्या स्टुलाकडे न बघता म्हणाले,

"घे. तुझंच खरं."

डब्यावर स्टिकर नव्हता. त्या जागी त्यांनी बोटानं नुसतं पुसलं.

माझी इन्स्टिट्यूट तगली. एका कॉम्प्युटरवर पोरं रांग लावून बसायची आणि नंबर येईपर्यंत टायपिंग करायची. समोरच्यांना हा डाव सुचला नव्हता, आणि मी त्याचं श्रेय कॉलनीभर मिरवलं. पण शेजारची बंगली पुन्हा मुकी झाली. साळवेभाऊ रस्त्यात भेटले तर मान हलवत. हात मिळवायचा प्रसंगच नाही, त्यामुळे लोखंडही शोधत नसत. पेपर घडी न मोडता पडून राही. सुमनबाई कुंपणाशी येऊन म्हणाल्या, "झालं, ताई. भांडान मिटलं आन मानूस बी मिटला."

प्रिंटर मी पुढे कित्येक वर्षं घेतला नाही. पोरांचे कागद छापायला मी समोरच्या माडीवर जायची, चपला बाहेर काढून, त्या शत्रूच्या गारव्यात. तिथली मुलगी विचारायची, "बाई, एवढी इन्स्टिट्यूट तुमची, एक प्रिंटर नाही घेत?" मी म्हणायची, "घाई काय आहे? पडतंय." तिला वाटायचं म्हातारी चिक्कू आहे. आहेच, पण कारण ते नव्हतं. कारण ती एक संध्याकाळ.

त्या संध्याकाळी मी साळव्यांच्या व्हरांड्यात जाऊन बसले. जाताना वाटीभर लोणचं नेलं, मोकळ्या हातानं जाऊ नये म्हणून. साळवेभाऊ भिंतीकडे बघत बसलेले. आत चुलीवर, म्हणजे गॅसवर, काहीतरी फोडणीला टाकलेलं, चर्र आवाज येत होता.

"भाऊ, एक अडलंय," मी म्हटलं. "प्रिंटर कुठला घ्यावा? टिकटिक करणारा, का शाईचा?"

ते भिंतीचा पोपडा नखानं काढत राहिले.

"समोरच्यांनी शाईचा घेतलाय. मीही उद्या जाऊन घेऊन येते म्हणते. मागच्यासारखंच, माझं मीच बघून."

ते माझ्याकडे वळले. चेहऱ्यावर इतकी भीती मी त्यांच्या कधी पाहिली नव्हती. हळूहळू त्यांचा हात उठला आणि व्हरांड्याच्या गजावर जाऊन थांबला.

"तुमी काय बी आनू नका," ते म्हणाले. आवाजाला गंज चढला होता. "शाई वाळून जाती, बाई. टिकटिकवाला बरा. रिबन तुमच्या मशिनीसारखीच. टिकाऊ."

मी मान हलवली. मग त्यांची मान जरा वर झाली, आणि भरभर, पुणेरी वळणानं:

"टिकाऊ काय पप्पा, पण अक्षर बघा ना त्याचं!"

आत सुमनबाईंनी गॅस बंद केला. फोडणी तशीच राहिली. त्या ऐकत होत्या.